धुतलेल्या हातांवर

कोपरापर्यंत साबण लावून मी हात धुतले. बोटांच्या बेचक्या, नखं, सगळं. तात्यांच्या डोळ्यात थेंब घालायला बाटली उचलणार, तोच त्यांच्या म्हाताऱ्या बायकोनं तांब्यातलं गोमूत्र माझ्या हातांवर शिंपडलं.

"आता घाल," म्हणाली.

बारामतीतला बंगला. तात्या मोतीबिंदू काढून घरी आले आणि न्हाणीत घसरले. खुब्याचं हाड मोडलं. मी त्यांची नर्स, पळसदेवची. तात्यांचं वजन, खोटं नाही सांगत, उसानं भरलेल्या ट्रॉलीएवढं. दर दोन तासांनी ती ट्रॉली मी एकटीनं कुशीवर वळवायची. पाठीला जखम म्हणून होऊ दिली नाही. मुताचं भांडं धरलं, हागणं पुसलं. नऊ दिवस म्हातारी म्हणत होती, "पोरी, तुझे हात सोन्याचे हायत गं!"

दहाव्या दिवशी तिनं विचारलं, "पळसदेवात कुठं गं घर तुमचं?"

मी सांगितलं. वेशीबाहेरची वस्ती.

तिचं तोंड असं मिटलं, की उजनी धरणाचे दरवाजेही इतके घट्ट बसत नसतील. अन् तांब्या आला. सकाळी भांडं धुतलं, तेव्हा नव्हता आला. घाणीला माझे हात चालत होते. डोळा तेवढा देवघरातला.

मी पुन्हा हात धुतले. तिनं पुन्हा शिंपडलं. पुन्हा धुतले. साबणाची वडी झिजून नखाएवढी झाली, पण त्या तांब्याला तळच नव्हता.

"आजी, ऑपरेशनचा डोळा हाय. घाण गेली तर डोळा जाईल."

"घाण कुणाची गं?"

मी पलंगाकडं वळले. "तात्या, तुमी तरी सांगा."

तात्यांनी भिंतीकडं तोंड फिरवलं. "शिंपडू दे की. तुझं काय झिजतंय?"

या माणसाचं उघडं अंग मी नऊ दिवस झाकलं होतं. त्यानं मला एका वाक्यात उघडं केलं.

चौथ्यांदा हात धुतले. आत येऊन कोपरानं कडी लावली. एक थेंब घातला. दुसऱ्या औषधासाठी पाच मिनिटं थांबावं लागतं, थांबले. बाहेर म्हातारी दार असं बडवत होती, की इंदापूरच्या स्टँडवर गाड्या थांबल्या असतील. दुसरा थेंब घातला. कूस बदलली, उशी लावली. कडी काढली. पुढच्या वेळा कागदावर लिहून तात्यांच्या मुलाच्या हातात दिल्या.

"दुसरी नर्स बघा," म्हटलं.

"ताई, आई जुनी हाय. तुमी समजून घ्या."

"लई घेतलं. आता तुमी घ्या."

तेव्हापासून नव्या घरी चप्पल काढायच्या आधी मी वस्तीचं नाव सांगते. खड्या आवाजात, शेजारच्यांनाही कळावं असं. मग म्हणते, हात साबणानं धुणार. त्यावर कुणी काही शिंपडलं, तर बाटली खाली आणि मी बाहेर.

दोन दारं तोंडावर बंद झाली. होऊ देत. मी तिसऱ्याही दारात आधी तेच सांगितलं.