आभाळातला सुरुंग

इंदूवहिनी आधी मारायच्या आणि मग विचारायच्या, काय झालं म्हणून. पेणला आमच्या आळीत त्यांचा गणपतीचा कारखाना होता. मी रोह्याकडची. लग्न होऊन आळीत आले आणि घरात नुसतं बसून कंटाळा येतो म्हणून त्यांच्याकडे रंगकामाला जायला लागले. पहिल्याच दिवशी एक ट्रकवाला मूर्ती भरताना खाली पेंढा कमी घालत होता. चांगला उंचापुरा गडी, वहिनी जेमतेम त्याच्या छातीला लागतील एवढ्या. त्यांनी रंगाचा रिकामा डबा पायानं ओढला, त्यावर चढल्या, त्याच्या कानफटात दिली, खाली उतरल्या आणि शांतपणे म्हणाल्या, "आता बोल. पेंढा कुठं हाय?" पेंढा ट्रकच्या टपावर होता. तो गुपचूप वर चढला.

"तोंडानं सांगितलं की माणूस उत्तर देतो," त्या म्हणायच्या. "हातानं सांगितलं की ऐकतो."

त्यांचे यजमान कचेरीत कारकून होते आणि घरात चपलेचा आवाज न करता चालायचे. त्यांनाही कधी प्रसाद मिळायचा का, हे आळीला ठाऊक नव्हतं, पण आळीचा अंदाज होता. आमच्याबरोबर रखमा नावाची बाई माती मळायला होती. तिच्या नवऱ्यानं दारूच्या भरात तिचा दात पाडला, तेव्हा वहिनी भर बाजारात जाऊन त्याला कॉलर धरून कारखान्यात घेऊन आल्या. वाटेत किती वेळा आपटला याचा हिशोब कोणी ठेवला नाही. कारखान्यात आणून त्याला पिठलंभात वाढला आणि तो जेवत असताना समोर बसून म्हणाल्या, "पुढच्या वेळी दात तुझा. जेवण नाय." मला त्या आवडायच्या. मार खाणाऱ्यांत मी नव्हते, हेही त्याचं एक कारण असेल.

आळीच्या मागच्या डोंगरात खडीची खाण होती आणि तिच्याशी वहिनींचं जुनं वैर. शाडूची कच्ची मूर्ती फळीवर वाळत असताना जमीन हादरली की तिला बारीक तडा जातो. तो आधी दिसत नाही, रंग चढवल्यावर दिसतो. दर वर्षी भांडणं व्हायची. शेवटी तहसीलदारांसमोर ठरलं की आषाढ लागला की सुरुंग बंद, ते गणपती घरोघरी जाईपर्यंत. खाणीत सुरुंग उडवायचं लायसन लक्ष्मण नावाच्या माणसाकडे होतं. तो माझ्या माहेरच्या गावचा, म्हणून मी त्याला दादा म्हणायची. पावसाळ्यात खाणीत काम नसे, तर तो एकटाच तिथं राखणीला राहायचा. आळीतून जाताना कोणी चहा विचारला तर दोन हात लांब बसून प्यायचा. सुरुंगवाल्याला कारखान्यात पाय ठेवायची छाती नव्हती.

त्या वर्षी श्रावणातल्या एका दुपारी आभाळ मोकळं होतं. आम्ही बायका मुकुटांना पिवळा देत होतो. एकाएकी असा आवाज झाला की माझ्या हातातला ब्रश उडाला. एक, आणि त्याच्या पाठोपाठ दुसरा. छपराची कौलं खडखडली, भिंतीकडची मांडणी पुढं कलली आणि सगळ्या फळ्या, मूर्तींसकट, रखमाच्या अंगावर आल्या. आम्ही तिला ओढून काढली तेव्हा गळ्याजवळचं हाड कातडीतून वर आलेलं दिसत होतं. ती ओरडत नव्हती, नुसती तोंड उघडून श्वास शोधत होती. वर कुठेतरी लांब, समुद्राच्या बाजूला, एक कर्कश शीळ विरत गेली. ती मी ऐकली. पण त्या क्षणी तिच्याकडे लक्ष द्यायला कोणाला सवड होती?

"लक्ष्मण्या," वहिनी एवढंच म्हणाल्या. माती कुटायची लाकडी मोगरी त्यांनी उचलली आणि डोंगराची वाट धरली. शेजारच्या कारखान्यांतूनही माणसं बाहेर पडली होती. सगळ्यांच्याच फळ्या पडल्या होत्या. कोणाच्या हातात पहार, कोणाच्या हातात फळी. मी मागून धावत होते आणि ओरडत होते, पण माझं कोण ऐकणार.

दादा खोपटाबाहेर येऊन आभाळाकडे बघत होता. एवढ्या माणसांना पाहून त्यानं हात वर केले. "वहिनी, मी नाय उडवला. आईच्यान् नाय. मलापण कळत नाय कसला—" मोगरी त्याच्या उजव्या खांद्यावर बसली. हाड मोडल्याचा आवाज मी तेव्हा ऐकला, आणि आजही लाकूड फोडताना कोणी दिसलं की मी आत निघून जाते. तो खाली पडल्यावर बाकीचे तुटून पडले. लाथा, फळ्या, दगड. वहिनींच्या भाच्यानं त्याच्या तोंडावर टाच दिली. रक्तानं त्याचा सदरा काळा झाला.

वहिनींनी मोगरी पुन्हा उचलली होती. ती वरच राहिली. त्यांनी नाकानं दोनदा श्वास घेतला.

"वास नाय," त्या म्हणाल्या.

सुरुंग उडाला की दारूचा उग्र वास कितीतरी वेळ खाणीत राहतो, धूळ बसायलाही वेळ लागतो. तिथं ओल्या गवताचा वास होता. खाणीच्या तळाला पावसाचं पाणी साचलेलं आणि त्यावर शेवाळ जसंच्या तसं. एक खडा पडला असता तरी ते फाटलं असतं. वहिनींनी ते पाहिलं आणि ओरडल्या, "मागं व्हा. ह्यानं नाय केलं." कोणी मागं झालं नाही. मार एकदा सुरू झाला की सुरू करणाऱ्याचंही त्यात कोणी ऐकत नाही. मग त्यांनी तीच मोगरी आपल्या माणसांवर चालवली. भाच्याची बोटं फुटली, एका रंगाऱ्याच्या पाठीत बसली. तरी थांबेनात तेव्हा त्या दादाच्या अंगावर आडव्या पडल्या आणि त्याच्या वाटच्या लाथा त्यांनी खाल्ल्या. दोन बरगड्या गेल्या. बाईमाणूस खाली पडलंय हे कळायला लोकांना बराच वेळ लागला.

पोलिसांनी दोन गुन्हे लिहून घेतले. लक्ष्मणनं बंदीच्या काळात सुरुंग उडवून रखमाला जखमी केलं हा एक, आणि जमावानं त्याला मारलं हा दुसरा. आळीनं एकमुखानं सांगितलं, सुरुंगच होता. कारण तो सुरुंग असेल तरच आळीचा राग रास्त ठरत होता आणि खाणवाल्याकडून भरपाईही मिळणार होती. दादा इस्पितळात पडून होता. लायसन जाणार, वर तुरुंग, हे त्याला तिथंच समजलं. खाणमालक फिरकलासुद्धा नाही.

वहिनी छातीला पट्टा बांधून माझ्या दारात आल्या. "काय गो सुमन, तुझं माहेर रोह्याला ना? चल. तिथं काय ऐकलं ते विचारू. आपल्या डोंगरातला सुरुंग रोह्याला जात नाय."

आम्ही गाडीनं निघालो. नागोठण्याला उतरलो तर फलाटावरचा चहावाला म्हणाला, "ऐकला म्हणजे? कंपनीत काहीतरी उडालं म्हणून आख्खं गाव पळालं. कंपनीत काय झालंच नव्हतं." जिते गावचा एक माणूस तिथंच गाडीची वाट बघत बसला होता. त्यांच्याकडे मालगाडी घसरली म्हणून लोक रुळाकडे धावले होते. ज्या गावाला ज्याची भीती, त्या गावानं तो आवाज त्याच्या नावावर लिहून टाकला होता.

रोह्याला माझ्या भावानं मात्र आणखी पुढचं सांगितलं. तिथं रस्त्याला एक टँकर उभा होता. तो फुटला, गॅस सुटला, असं कोणीतरी ओरडलं. लोकांनी ड्रायव्हरला खाली खेचला आणि बेशुद्ध पडेस्तोवर मारला.

"मेला?" वहिनींनी विचारलं.

"नाय. दात गेले सगळे पुढचे," भाऊ म्हणाला. "टँकर दुधाचा होता."

भावाच्या शेजारी हवाई दलातून निवृत्त झालेले एक काका राहत. त्यांनी एकच विचारलं, "आवाज एक झाला की दोन?" दोन, लागोपाठ, मग लांब शीळ, असं मी सांगितलं. "मग लढाऊ जेट. आवाजाच्याही पुढं पळतं ते. ते निघून जातं आणि दणका मागून खाली येतो. पेण ते रोहा म्हणजे त्याला काहीच नाय."

"कोणाचं?"

"आपलंच असणार. कुठलं, कशाला आलं, ते कोण सांगणार नाय. विचारून बघा हवं तर. मी तिथं नोकरीत होतो तरी मला सांगत नव्हते."

"मग मारायचं कोणाला?" वहिनी म्हणाल्या. काका हसले. त्यांना ती थट्टा वाटली. परतीच्या गाडीत वहिनी खिडकीतून आभाळ बघत बसल्या होत्या. पेण जवळ आल्यावर म्हणाल्या, "एवढं मोठं विमान. आणि माझ्या हातात सापडला लक्ष्मण." मग त्या रडल्या. वहिनींना रडताना मी तेवढंच पाहिलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी जबाब दिला. सुरुंग नव्हता, विमान होतं, आणि खांदा मी मोडला. फौजदार ओळखीचे. म्हणाले, "वहिनी, हे लिहिलं तर तुम्ही आत जाल." वहिनी म्हणाल्या, "मग लिहायला एवढा वेळ का लावताव?"

आळी पेटली. एकटीच्या जबाबानं सगळेच गुन्हेगार ठरत होते. संध्याकाळी दगड आले. मग माणसं आत घुसली, भाचा सगळ्यांत पुढं, आणि विमानाच्या दणक्यातून ज्या मूर्ती वाचल्या होत्या त्या आमच्याच लोकांनी फळीवरून खाली लोटल्या. एकानं वहिनींच्या कपाळावर वीट घातली. वहिनींनीही दोघांना लोळवलं. त्या काही संत झाल्या नव्हत्या. पण जबाब त्यांनी मागं घेतला नाही.

खटला उभा राहायला वर्ष गेलं. विमानाबद्दल कुठल्याच कार्यालयानं होय म्हटलं नाही आणि नाही म्हटलं नाही. दादाला साक्षीला बोलावलं. उजवा हात पोटाशी धरून तो उभा राहिला. खांदा कोणी मोडला, असं विचारल्यावर तो भिंतीकडे बघून म्हणाला, "गर्दी होती साहेब. ओळखलं नाय कोणाला." आमच्या वकिलांचा चेहरा खुलला. तेवढ्यात आरोपींतून वहिनी उठल्या. "खोटं बोलतो हा. समोरून मारला मी. माझं नाव घेऊन सांगत होता, मी नाय उडवला म्हणून. तरी मारला." वकिलांनी कपाळाला हात लावला.

वहिनींना काही महिन्यांची कैद झाली, बाकीच्यांना दंडावर सोडलं, आणि वहिनींच्या जबाबावर दादावरचा सुरुंगाचा गुन्हा निघाला. बाहेर पोलिसांची गाडी उभी होती. दादा आडवा आला. चांगलाच चिडला होता.

"मी सोडवत होतो ना तुम्हाला," तो म्हणाला. "कशाला मधी बोललाव?"

"मी सुटले असते तर माझा जबाब खोटा ठरला असता, आणि सुरुंग तुझ्याच नावावर राह्यला असता," वहिनी म्हणाल्या. "आता विमानाच्या नावावर गेला. सर बाजूला."

त्या सुटून आल्या, पुढं बरीच वर्षं जगल्या आणि अंथरुणात गेल्या. दादाचं लायसन राहिलं. हात खांद्याच्या वर कधी गेला नाही. पण मला त्या दोघांची आठवण येते ती कोर्टाच्या आवारातली. गाडी फाटकातून बाहेर पडली तरी तो तसाच उभा होता. मी म्हटलं, "दादा, चल, तुझी रोह्याची गाडी चुकेल." तो म्हणाला, "जा तू. मी थांबतो जरा."