तारमास्तर कसे चालायचे

जालन्याला स्टेशनामागच्या आमच्या वस्तीत आमच्यापेक्षा आमच्या आज्यापणज्यांची जास्त काळजी वाहणारा माणूस एकच झाला, आणि तो आमच्यातला नव्हता. ते होते तारमास्तर. तारघरात नोकरी, साताऱ्याकडून बदलून आलेले, एकटा जीव. दिवसभर लोकांचे मोजके शब्द पाठवायचे, म्हणून आत साठलेले सगळे संध्याकाळी आमच्या डोक्यावर ओतायचे. बहात्तरच्या दुष्काळातली खडी फोडायची कामं नुकतीच बंद झालेली, आणि आम्ही पोरं पुलाच्या कठड्यावर बिड्या ओढत बसलेलो. "वस्तीची विहीर कुणी खणली रे?" त्यांनी विचारलं. कुणालाच ठाऊक नव्हतं. मास्तरांचं तोंड असं उतरलं, की जणू विहीर त्यांच्याच घरातून चोरीला गेली असावी.

तिथून आमचे हाल सुरू झाले. घरोघरच्या म्हाताऱ्यांना विचारून विचारून त्यांनी आमच्याकडून नाटक बसवून घेतलं. गावच्या विहिरीवर आपल्याला घागर बुडवू देत नव्हते, म्हणून आपल्या माणसांनी आपली विहीर कशी खणली, त्याचं. नियम मास्तरांचे. स्वतःच्या आज्याचं काम स्वतः करायचं नाही, "नाहीतर तुम्ही त्याला देव करून ठेवाल." आणि बघणाऱ्यांतलं कुणी म्हातारं 'थांब' म्हणालं, की नाटक थांबलंच पाहिजे. त्यामुळे तासाभराचं नाटक जेवणवेळ ओलांडून जायचं. मी वस्तीतल्या म्हाताऱ्या गयाबाईच्या नवऱ्याचं काम करायचो. पहिल्याच खेळात गयाबाई उठली. "थांब. माझा मालक डावखुरा व्हता. तू काय करून राह्यला?" मास्तर नाचायचेच बाकी राहिले. मी बापडा डाव्या हाताने पुन्हा पहिल्यापासून खणायला लागलो.

एकदा तालीम संपल्यावर मात्र ते हळूच म्हणाले, "तुमची मजा आहे. उद्या माझं कुणी चुकीचं सोंग घेतलं, तर थांब म्हणणारं मला कुणी नाही."

पुढे बदलीचा हुकूम आला. शेवटच्या खेळात आम्ही त्यांना न सांगता एक प्रवेश घुसडला. मी छत्री घेऊन, ताठ मानेने, तारमास्तर होऊन आलो. लोक हसले. गयाबाई उठली.

"थांब. मास्तर असे चालत न्हाईत. रस्त्यात खडा दिसला की पायानं कडंला सारतेत. लेकरं अनवाणी हिंडतेत म्हणून."

मास्तर अर्धे उठले. "अहो, मी असं काही करत नाही."

"तुमाला काय ठावं? बसा खाली. मी बराबर सांगून राह्यले."

नियम त्यांचाच होता. ते बसले. मी पुन्हा चाललो, खडे सारत सारत. मास्तर चष्मा पुसत होते, आणि पुसून झाला तरी डोळ्यांना लावेनात.

आता त्या रस्त्यावर डांबर आहे, खडा क्वचितच सापडतो. सापडला की माझा पाय पुढे जातोच, आणि त्या दिवशी मास्तरांची फार आठवण येते.