देठासकट घड

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला दोह्यात आमच्या शेजारी एक स्पॅनिश वेल्डिंग इन्स्पेक्टर राहायचा. गाव स्पेनमधल्या वाइनसाठी प्रसिद्ध रिओहा भागातलं, घरी द्राक्षमळा. मीही नाशिककडच्या द्राक्षबागाईतदाराचा मुलगा, हे कळल्यावर त्याने मला भाऊच करून टाकलं. एकदा परमिटवर मिळालेली रेड वाइनची बाटली घेऊन आला. दुकानातली सगळ्यात स्वस्त, पण त्याच्याच भागातली. घ्या म्हणाला, भेट.

मला पिण्यापेक्षा ती होते कशी याचंच कुतूहल. "द्राक्षं चिरडून रस काढता ना?" मी विचारलं. तो हसला. त्याच्या गावात ही साधी वाइन करताना आधी काही चिरडतच नाहीत म्हणे. सबंध घड, देठासकट, दगडी हौदात टाकायचे. मणी न फुटता रस आतल्या आतच आंबायला लागतो. काही दिवसांनी माणसं अनवाणी हौदात उतरून तुडवतात. "थंडीत तयार, वर्षाच्या आत खलास!"

मला हे खरंच वाटेना. मणी फुटला की घड वाया, हे आमच्याकडचं बाळकडू. आणि इथे न फुटलेल्या मण्यात वाइन! हे सांगावं असा एकच माणूस होता, माझे वडील. तिथेच तर पंचाईत होती. बाग सोडून मी आखातात आलो तेव्हापासून ते तब्येतपाण्यापलीकडे बोलत नव्हते. बागेबद्दल चकार शब्द नाही. मला त्याचं फार वाईट वाटायचं. हंगाम उरकला की ते दोह्याला येणार होते. म्हटलं, बाटली समोर ठेवू, हौदाची गोष्ट सांगू, मग बघू कसे गप्प बसतात.

त्यांचा व्हिसा लांबला. "अहो, वर्षाच्या आत संपवा म्हणाले होते ना ते शेजारचे?" बायकोने आठवण करून दिली.

"लोणचं मुरतं तशी मुरेल. जुनं ते सोनं," मी म्हणालो आणि बाटली कैरीच्या लोणच्याच्या बरणीशेजारीच ठेवली. जूनमध्ये सगळ्यांसारखे आम्हीही एसी बंद करून सुट्टीवर गेलो. गावी बागेत तेव्हा नुसती पानं. बाटलीशिवाय गोष्टीत मजा नाही, म्हणून मीही तोंड उघडलं नाही.

पुढच्या वर्षी हंगाम उरकून वडील आले. शेजारी तोवर मायदेशी परतला होता. मी थाटात बाटली उघडली. जन्मात दारूला न शिवलेल्या वडिलांनी नुसता वास घेतला.

"शिरका झालाय ह्याचा."

माझं तोंड उतरलं. तरी हौदाची गोष्ट सांगितली. ते पुढे सरकून बसले.

"देठासकट टाकत्यात? मग देठाचा कडूपणा उतरत न्हाई का? साल जाड असती का पातळ? हौद केवढा?"

एकाचंही उत्तर मला येईना, पण चहा गार झाला तरी त्यांचे प्रश्न संपेनात. इतक्या वर्षांनी ते माझ्याशी द्राक्षांबद्दल बोलत होते. मी आनंदाने सगळ्याला माहीत नाही, माहीत नाही म्हणत राहिलो.

"बाटली कवा मिळालेली?" त्यांनी शेवटी विचारलं. मी सांगितलं.

"तवाच इचारायचं ना मला. म्हणलो असतो, वाट बघू नको. द्राक्ष थांबत नसतं."

पुढच्या वर्षीची सुट्टी सांगताना मी ऑफिसात जूनऐवजी फेब्रुवारी सांगितला. साहेबाने विचारलं, फेब्रुवारीत काय आहे? म्हटलं, आमच्याकडे घड उतरतात.