पाटलिणीचा माज

त्या आठवड्यात हिरीचा संताप काही विचारूच नका. अच्छाडच्या नाक्यावर ती भाजीची पाटी घेऊन बसते. तिथे कोंबड्यांच्या ट्रकमधून एक पांढरी तलंग पडली, अजून अंड्यावरही न आलेली. ट्रकवाल्याने मागे वळूनसुद्धा बघितलं नाही, मेल्याने! हिरीने तिला पदरात गुंडाळून तलासरीजवळच्या आपल्या पाड्यावर आणलं.

अंगणात आधीच गावठी कोंबड्या, आणि त्या सगळ्यांवर पाटलीण. काळी, थोराड, अंडी देण्यात कधी खंड नाही, आणि त्याचाच तिला माज. हिरीने रीतीप्रमाणे तलंगेला घराच्या मेढीच्या खांबाभोवती फिरवलं, "हेच आता तुझं घर" असं बजावलं आणि अंगणाच्या मधोमध टोपलीखाली डालून ठेवलं. बाकीच्यांना सवय व्हावी म्हणून. सवय कसली! टोपली उचलायचा अवकाश, पाटलिणीने तिचं डोकं फोडलं. मग बाकीच्याही तुटून पडल्या.

"भवाने! तुझ्या बापाचं अंगण आहे काय?" हिरी काठी घेऊन धावली. "थांब, तुझाच रस्सा करते!"

ओट्यावरून तिचा नवरा सुकऱ्या म्हणाला, "पांढरी इथे रुळायची नाही. रविवारी जावई येतोय. तोवर जमलं तर ठीक, नाहीतर तीच चुलीवर."

बसल्या जागी निकाल द्यायला याचं काय जातं! ट्रकमधून पडून जी जगली, ती आपल्या दारात मरणार? हिरी हट्टालाच पेटली. रोज टोपली, रोज काठी, रोज पाटलिणीला शिव्या. सगळ्या पाड्याने ऐकल्या.

रविवारी सकाळी खुराडं उघडताना तिला सुचलं. कोंडायचं तर या दांडगीलाच का नको? तिने पाटलिणीला टोपलीखाली डाललं आणि तलंग मोकळी सोडली. पाटलीण नाही म्हटल्यावर बाकीच्या गप्प! तलंग त्यांच्यात दाणे टिपू लागली. सुकऱ्या अजून झोपलेला होता. हिरी जावयासाठी मासळी आणायला खुशीत बाजारात गेली.

परतली तर ओट्यावर जावई, घरात रश्श्याचा वास, अंगणात काळी पिसं. आणलेले बोंबील तिच्या हातातच राहिले.

"अरे, हे काय केलंस?"

सुकऱ्या गोंधळला. "पाहुण्यासाठी कापायची कोंबडी सकाळी सोडत नाहीत, टोपलीखालीच ठेवतात. तूच डालून गेलीस ना? आठवडाभर तिचाच रस्सा करायला निघाली होतीस."

हिरीने जावयासकट सगळ्यांना वाढलं. स्वतः मात्र नागलीच्या भाकरीला मीठ लावून खाल्लं. पाटलीण भवानी होती, पण तिची होती.

संध्याकाळी तिने दाणे टाकले. पांढरी तलंग सगळ्यांच्या पुढे घुसली आणि बाजूच्या कोंबडीला अशी चोच मारली की ती कोकलत पळाली.

"हिच्यासाठी?" हिरी ओरडली. "हिच्यासाठी माझी पाटलीण गेली?"

आणि ती काठी शोधायला लागली.