अव्वांचा रोजचाच लेग डे

अव्वा जिममध्ये शिरल्या की आधी पायांच्या मशीनवर आपली कापडी पिशवी टाकत. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात ना, तसं. मग इरकल साडीचा पदर खोचून, पांढऱ्या बुटांच्या नाड्या माझ्याकडून बांधून घेऊन त्या तिथं अशा ठाण मांडत की बाकीच्या बायकांनी पायाच्या व्यायामाची आशाच सोडावी. कुणी भीत भीत "आजी, झालं का?" विचारलं, की उत्तर ठरलेलं असे. "व्हायलंय की. तवर तू हाताचं कर."

अव्वा म्हणजे माझ्या सासूबाई. माहेर अक्कलकोटकडचं, त्यामुळं लाडात आल्या की मराठी आणि रागावल्या की कानडी. मी करमाळ्याची. कानडीचा मला गंध नाही, म्हणून त्या मला नेमकं काय काय बोलल्या हे माझं मला अजून ठाऊक नाही. जिम खरं तर माझी होती. डॉक्टरांनी वजन उतरवायला सांगितलं होतं आणि शुक्रवार पेठेत, आमच्या बोळाच्या तोंडाशी, मेडिकलच्या वरच्या मजल्यावर बायकांची सकाळची बॅच निघाली होती. शाळेत शिकवायला जायच्या आधी तासभर मिळेल म्हणून मी नाव घातलं. दुसऱ्या दिवशी बघते तर अव्वा बूट घेऊन दारात तयार!

रेश्मा ही तिथली ट्रेनर. चुणचुणीत पोरगी. तिनं विचारलं, "आजी, वजन कमी करायचंय का?"

"वजन ऱ्हाऊ दे माझं मला. भुईवर मांडी घालून बसायचंय."

गुडघ्यांमुळं अव्वांना खुर्चीत बसून पूजा करावी लागत होती. रेश्माला वाटलं, म्हातारी पूजेसाठी आली. ते अर्धंच खरं होतं. आम्हा लिंगायतांत माणूस गेलं की त्याला मांडी घालून बसवतात आणि बसवूनच मातीत ठेवतात. मामंजींचा गुडघा अपघातानंतर वाकत नव्हता. त्यांच्या वेळी माणसांना जोर लावून तो दाबावा लागला, आणि अव्वांनी ते उभ्या उभ्या पाहिलं. तेव्हापासून त्यांचं एकच. "मला कुणी दाबून बसवायचं न्हाय. माझी मी बसणार." हे त्या चहात खारी बुडवता बुडवता सांगत. माझा नवरा "अव्वा, सकाळी सकाळी काय हे!" म्हणत आतल्या खोलीत पळे. मी कुठं पळणार? मला त्यांच्याचबरोबर जिमला जायचं असे. लोक जिमला चांगलं जगायला जातात हो! आमच्या घरातून मरणाची तालीम करायला जात होते.

रेश्मानं आम्हा दोघींना आठवडा आखून दिला होता. एक दिवस पाय, एक दिवस हात आणि खांदे, एक दिवस पाठ-पोट, मध्ये मध्ये चालणं आणि रविवारी पूर्ण विश्रांती. अव्वांनी सगळं मान डोलावून ऐकलं आणि रोज पायच केले. रविवारी जिम बंद, तर घरच्या जिन्यावर चढउतार केली. सोमवारी गुडघा टम्म. रेश्मा मलाच गाठायची. "मॅडम, तुम्ही तरी समजावा की त्यांना. हातापाठीत ताकद नसली तर गुडघ्यांवरच भार येतो." मी समजवायला गेले, की अव्वा म्हणत, "डोकं दुखायलंय म्हणून पायाला बाम लावतीस काय? ज्याचं दुखणं त्यालाच औषद. हाताला काय धाड भरली? जल्मभर भाकरी थापलीय मी." एवढ्यावर मी पुन्हा तोंड उघडलं की, "साकु!" म्हणजे पुरे. कानडीतला हा एक शब्द मला पक्का येतो.

माझं वजन? ते होतं तिथंच राहिलं. माझा निम्मा तास नाड्या बांधण्यात आणि गुडघ्याला बर्फ लावण्यात जाई.

चिडचिड अशाची व्हायची, की गुडघे खरोखरच सुधारत होते. रेश्मानं आधी उंच स्टुलावर, मग बुटक्या स्टुलावर, मग पाटावर बसायला लावलं. एके दिवशी मी शाळेची घाई करत असताना देवघरातून हाक आली, "सुवर्णा, बघ हिकडं." अव्वा भुईवर मांडी घालून बसल्या होत्या. पाठ ताठ, डाव्या तळहातावर लिंग, आणि चेहरा वर्गात पहिला नंबर आलेल्या पोरीचा. माझे डोळे भरून आले, खोटं कशाला बोलू? पूजा संपली आणि अव्वा उठायला गेल्या.

उठताच येईना. तळहात भुईला टेकले, की कोपरं लटपटायची. पाटाचा आधार घेतला तर पाट सरकला. मी धरायला गेले तर, "हात लावू नको!" घड्याळ पुढं पळत होतं, शाळेत माझा पहिला तास होता, आणि या बाई हसून म्हणतात, "बसायचं शिकले, उटायचं ऱ्हायलंच की गं."

माझा तोल गेला. "उठायचं कुठं होतं तुम्हाला? तुमची सगळी तयारी बसण्याचीच! आम्ही आहोत, घर आहे, उद्याची सकाळ आहे, यातलं काही होतं का डोक्यात?"

मला वाटलं, आता कानडीचा भडिमार होणार. पण अव्वा "व्हय गं" म्हणाल्या आणि हात पुढं केला. आम्ही नवराबायकोनं मिळून त्यांना उठवलं.

दुसऱ्या दिवशी पिशवी पडली ती डंबेल्सच्या बाकावर. पायाच्या मशीनकडं बोट दाखवून त्या बायकांना म्हणाल्या, "जावा, तुमी पायाचं करा." भिंतीला हात लावून ढकलायचा व्यायाम दिला तर, "रेश्मा, ही भिंत काय हलंना बघ. उगंच ढकलायला लावायलीस." कुरकुर सगळी तशीच, पण केलं सगळं. यथावकाश त्या भुईवरून आपल्या आपण उठायला लागल्या. मग काय विचारता! पाहुणा आला रे आला, की बसून-उठून दाखवायच्या. बिचाऱ्याचा चहा गार व्हायचा, आणि मला पुन्हा टाकावा लागायचा.

गेल्या थंडीत अव्वा गेल्या. साधा ताप आला होता, पहाटे झोपेतच गेल्या. भावकीतली माणसं जमली. त्यांना बसवायची वेळ आली तेव्हा मी दाराशी उभी होते. दोघांनी पाय धरले आणि मांडी अलगद बसली. कुणाला जोर लावावा लागला नाही. शेजारचे काका हळूच म्हणाले, "लई सोपं गेलं बगा." नवऱ्यानं रडता रडता मान हलवली. सगळ्यांनाच बरं वाटलं.

मला मात्र त्या गुडघ्यांचा असा राग आला! थोडं तरी अडायचं होतं त्यांनी.