बर्फाचे टायर की सगळीकडचे? बुलढाणा ते सिस्सू

टायर बदलायचे ठरले तेव्हाच मनालीपुढच्या सिस्सूला जायचं पक्कं झालं. हे वारले त्याला तीन वर्षं झाली. आमची फोर बाय फोर एसयूव्ही तेव्हापासून अंगणातच उभी होती. महिन्यातून एकदा मी ती चिखलीपर्यंत फिरवून आणायची, एवढंच. निवृत्तीनंतर बर्फात गाडी चालवायची असं यांच्या फार मनात होतं. वहीत रस्ता लिहिलेला, मुक्काम लिहिलेले आणि सगळ्यांत वर, खाली रेघ मारून: ‘बर्फाचे टायर घेणे.’

देऊळघाटच्या रस्त्यावर रऊफभाईंचं टायरचं दुकान आहे. सोबत माझी नणंद कुसुमताई होती, यांची धाकटी बहीण. डोणगावहून खास या प्रवासासाठी आलेली. रऊफभाईंनी जुन्या टायरवर नख दाबून पाहिलं.

“नक्षी हाय भाभी, पण रबराचा दगड झाला. उभ्या गाडीचे टायर असेच मरतात.”

“बर्फाचे भेटतील काय?”

“मागवून देतो. पण काऊन? बर्फ तुमाले भेटन दोन दिवस. बाकी सारं ऊनच हाय. ते रबर नरम राह्यते, आपल्या डांबरावर खोडरबरासारखं झिजून जाईन.”

कुसुमताई लगेच म्हणाली, “दादानं लिहून ठेवलं ना? मंग इचारायचं काय त्याच्यात?”

मी चार दिवस मागितले आणि वाचत बसले. जायचा विचार असेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. बर्फाच्या टायरचं रबर थंडीतही मऊ राहतं, म्हणून निसरड्यावर पकडतं. पण उन्हात ते लवकर झिजतं आणि ब्रेकही लांब लागतो. सगळ्या रस्त्यांचे म्हणून मिळतात ते ऑल-टेरेन टायर खडी, चिखल, डांबर सगळं झेलतात. त्यांतल्या काहींवर डोंगर आणि हिमकणाचं चिन्ह असतं. ते साध्या बर्फात चालतात, पण घट्ट काचेसारख्या बर्फावर भरवसा नाही. जाऊन-येऊन साडेतीन हजार किलोमीटर, त्यात बर्फाचे फार तर वीस. मी चिन्हवाले ऑल-टेरेन घेतले. चारांचे बेचाळीस हजार झाले.

तीस वर्षांच्या संसारात यांचा शब्द मी पहिल्यांदा मोडला, आणि तो मोडायला हे नव्हते.

मार्चच्या सुरुवातीला निघालो. राजूर घाट उतरून मलकापूरला आलो. तिथे कचोरी खाताना कुसुमताई म्हणाली, “तिथं घसरलो ना, तं मी दादाचं नाव घेऊन तुले बोलन, सांगून ठेवतो.” पुढे बऱ्हाणपूर, खंडवा, पहिला मुक्काम इंदूर. दुसरा कोटा, मग रेवाडी, चंदिगड आणि पाचव्या दिवशी मनाली. खोलीला बाराशे ते पंधराशे पडले. कोट्याच्या अलीकडे दुपारी डांबर नुसतं तापलं होतं. एका धाब्यावर मी खाली वाकून टायरला हात लावला. चटका बसला. मनात म्हटलं, बरं झालं.

मनालीत सकाळी गाडी जड चालायला लागली. पंक्चरवाल्याने हवा मोजली आणि हसला. तेहतीस हवी तिथे पंचवीस! चूक माझीच. उन्हाळा लागला की आपल्या वऱ्हाडात दोन पॉइंट हवा कमी ठेवायची सवय आहे, तशी मी निघताना भर दुपारी भरून घेतली होती. थंडीत ती आणखी बसली. तुम्ही जाल तेव्हा ही आपली सवय घरी ठेवून जा आणि डोंगरात सकाळी थंड टायरची हवा मोजा.

मनालीपुढचा डोंगरातला लांब बोगदा ओलांडून सिस्सूला पोचलो. सगळं पांढरं. साध्या बर्फात टायर छान चालले, माझी छाती फुगली. मग वरच्या गावाकडे चार किलोमीटरचा चढ होता. वहीत शेवटी तेच गाव होतं. दोन वळणं गेलो. तिसरं वळण सावलीतलं. चाकं जागेवर फिरली आणि गाडी हळूच मागे सरकली. मी ब्रेक सोडून दाबला, पुन्हा सोडला. मागचं चाक कडेच्या बर्फाच्या ढिगाला टेकलं तेव्हा थांबली.

“दादाचं आयकलं असतं तं वरती राह्यलो असतो!” कुसुमताईने डोळे मिटून घेतले होते.

“अन् कोट्याच्या उन्हात काय केलं असतं, ताई?”

“कोट्याचं कोट्यात पाह्यलं असतं.”

मागून गावातला एक गाडीवाला आला. उतरून त्याने आमचे टायर पाहिले. “टायर अच्छे हैं माताजी, पर ये बर्फ नहीं, शीशा है. या चेन लगाओ, या मेरे साथ चलो.” टायरला गुंडाळायची लोखंडी चेन आम्ही आणली नव्हती. त्याने आमची गाडी सफाईने खाली सपाटीवर नेऊन लावली आणि आम्हाला आपल्या गाडीत घेतलं. त्याची गाडी त्याच वळणावरून सरळ वर गेली. मी विचारलंच. टायर बर्फाचेच होते.

वर तासभर बसलो. कुसुमताईने मूठभर बर्फ घेतला, थोडा खाल्ला आणि म्हणाली, “चव नाई वं कायची.” मग रडली, मग हसली. मीही.

परतीला काही झालं नाही. घरी येऊन आठ दिवस झाले. टायर नव्यासारखे आहेत. पुन्हा घ्यायचे झाले तर हेच घेईन, आणि चेन सोबत नेईन.

गेली तीन वर्षं मी यांच्याशी मनात फार गोड बोलत होते. यांचं सगळं बरोबर, यांचं सगळं चांगलं. काल चहा घेताना मोठ्याने म्हटलं, “त्या चार किलोमीटरपुरतं तुमचं खरं होतं. बाकी साडेतीन हजार माझं.” हे असते तर ऐकून घेतलं नसतं, वही आणून पुढ्यात टाकली असती. मीही माघार घेतली नसती. चहा गार होईपर्यंत मी त्यांच्याशी भांडत बसले. फार दिवसांनी ते घरात असल्यासारखे वाटले.