सनाचा रविवार

हे मी घरात कुणालाच सांगितलेलं नाही. नवरा होता तोवर त्यालाही नाही, मुलीला तर नाहीच. तुम्हाला का सांगतेय? — तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल. आणि आता या घरात ऐकायला उरलंय तरी कोण?

इथे राजधानीत, मयूर विहारच्या आमच्या सोसायटीत मी ‘पुस्तकवाल्या काकू’. नोकरी सांभाळून वर्षानुवर्षं दर रविवारी मुलांचं मराठी वाचन घेतलं. मुलांची शाळा हिंदी-इंग्लिश, खाली खेळायला गेली की हिंदी. ‘उंबरठा’ म्हणजे काय विचारलं तर एकमेकांची तोंडं बघायची. पद्धत माझीच — वाचन दर वेळी वेगळ्या घरी. ज्या घरी वाचन, त्या घरचं मूल वाचणार. पुस्तक आठवडाभर तिथेच राहणार, तयारीला. पोहेसुद्धा त्याच घरचे. शेजाऱ्याच्या घरी मांडी घालून गोष्ट ऐकलेलं मूल उद्या त्या घरावर दगड उचलणार नाही — हे वाक्य मी कार्यक्रमांतून फार छान म्हणते. टाळ्या हमखास पडतात.

खालच्या मजल्यावर रेहाना राहायची. मिरजेची, नवरा माझ्यासारखाच केंद्र सरकारच्या मंत्रालयात. तिचं मराठी माझ्याहून चांगलं. शब्द अडला की मुलं तिच्याकडे बघायची, आणि मला ते खुपायचं — आता लपवून काय करू? तिची मुलगी सना. त्या रविवारी वाचन त्यांच्याकडे होतं आणि सना पहिल्यांदाच वाचणार होती. पोरगी आठवडाभर जिन्यात, गच्चीत, जिथे बघावं तिथे पुस्तक घेऊन पुटपुटत होती.

त्याच आठवड्यात शहरात दंगल झाली. आमच्याकडे सगळं शांत होतं. पण टीव्ही दिवसभर चालू, आणि ‘माहौल ठीक नाहीये’ हे ज्याच्या त्याच्या तोंडी.

मग मी — थांबा, इथे मी नेहमी अडते. मी स्वतःला सांगत आले की पालकांचे फोन आले, रेहानाकडे नको म्हणाले, मी तरी काय करणार? कुणाचाही फोन आला नव्हता. एकीचाही नाही. लोक मुलं पाठवणार नाहीत, हे मीच बसल्या बसल्या ठरवलं. का ठरवलं? कारण मला माझ्या मनवाला तिथे पाठवायचं नव्हतं. ज्या घरात मी हक्काने चहा मागायचे, त्या घराची मला भीती वाटली. कसली भीती? — अजून सांगता येत नाही.

शनिवारी संध्याकाळी खाली गेले. मला बरं नाही, यावेळी वाचन राहू दे, म्हटलं. आणि पुस्तकाची शिवण उसवलीय, शिवून आणते, असं सांगून पुस्तक मागितलं. सनाने ते दोन्ही हातांनी दिलं. बाकीच्यांना कळवलं की रेहाना आजारी आहे, वाचन माझ्याकडे.

रविवारी मनवा वाचायला बसली. काहीच तयारी नव्हती, तरी काय सुंदर वाचलं तिने. जिथे थांबायचं तिथे सनाने पेन्सिलीने बारीक रेघा केल्या होत्या. मनवा त्या रेघांवर थांबत गेली आणि सगळ्यांनी तिला शाबासकी दिली. मीही दिली.

मुलं निघाली तेव्हा दाराबाहेर, त्यांच्या चपलांच्या रांगेत, एक स्टीलचा डबा होता. उघडला. मऊ भात, वर तूप, कडेला लिंबाचं लोणचं. आजारी माणसाचं जेवण. सना ठेवून गेली होती. बेल वाजली नव्हती — चपला बघून तिने बेल वाजवलीच नसणार. आतून मनवाचा आवाज ऐकू आला असेल का? किती वेळ उभी असेल? यापुढे मला विचार करवत नाही.

डबा घासला. रिकामा देऊ नये म्हणून त्यात साखर घातली — त्याही वेळी मला रीत आठवली, बघा! — आणि खाली गेले. रेहानाने दार उघडलं. आत सतरंजी तशीच अंथरलेली होती, म्हणजे आम्ही येऊ म्हणून ती आधीच अंथरली असणार. सकाळपासून भाजीवाल्याकडे, गेटपाशी दोघी-तिघींनी तिच्या तब्येतीची चौकशी केली होती, हे तिनेच सांगितलं. आवाज चढवला नाही. डबा हातात घेतला आणि म्हणाली,

“मला बरं वाटतंय, वहिनी. तुम्हाला?”

मी म्हटलं, “हो, बिल्कुल.”

सना पुन्हा वाचनाला आली नाही. मी बोलवायला गेले नाही. वर्षभरात त्यांची बदली झाली. ट्रक लागला तेव्हा मी घरातच होते, खिडकीचा पडदा ओढून. वाचन पुढे कितीतरी वर्षं चाललं, पण घरोघरी नाही. त्या रविवारनंतर ते माझ्याच घरी व्हायचं.